कट टाइम म्हणजेच आल्ला ब्रेव्हे : स्टाफ नोटेशन नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या सीमाभागात स्टाफ नोटेशनकडे (पाच आडव्या रेषांवरच्या पाश्चात्त्य स्वरलेखनाकडे) वळणारी मंडळी निरनिराळ्या वाटांनी येतात. कोणी लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवतो, कोणी चर्चच्या क्वायरमध्ये गातो, कोणी शाळेच्या बँडपथकात साइड ड्रम सांभाळतो, तर कोणी भजनाला हार्मोनियमची साथ करता करता कीबोर्ड शिकू लागलेला असतो आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेची तयारी करत असतो. यांतल्या बहुतेकांची सुरुवातीच्या काळात गाठ पडते ती ४/४ आणि ३/४ या टाइम सिग्नेचरशी, म्हणजे मोजणी कशी करायची ते सांगणाऱ्या खुणांशी, आणि त्यामुळे ‘क्वार्टर नोट म्हणजे एक मात्रा’ हे समीकरण मनात घट्ट बसते. पुढे मार्चचा एखादा कागद हाती येतो, त्यावर उभी रेघ मारलेले वेगळेच चिन्ह दिसते, आणि आजवर बिनचूक चाललेले मोजणे एकाएकी विस्कटते.

या चिन्हाला कट टाइम म्हणतात आणि त्याचे इटालियन नाव आल्ला ब्रेव्हे असे आहे. ते समजून घेताना वेगाचा विचार बाजूला ठेवावा आणि आधी मात्रा कोणत्या नोटला द्यायची एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा, असा माझा आग्रह आहे. ‘कट टाइम म्हणजे दुप्पट वेग’ एवढेच सांगून मोकळे होण्याची पद्धत सोयीची असली, तरी तिच्यामुळे पुढे होणाऱ्या चुका निस्तरायला फार काळ लागतो.

पहिली पायरी : चिन्ह नीट पाहणे

स्टाफच्या, म्हणजे त्या पाच रेषांच्या, डाव्या टोकाला प्रथम क्लेफ (कोणत्या रेषेवर कोणता स्वर ते ठरवणारे चिन्ह) असतो, त्यानंतर शार्प किंवा फ्लॅट दाखवणारी की सिग्नेचर येते आणि तिच्या लगेच उजवीकडे टाइम सिग्नेचर असते. तेथे कधी एकाखाली एक असे दोन आकडे असतात, तर कधी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी दिसणारी, उजवीकडे उघडी असलेली कमान असते. ही कमान नुसतीच असेल तर तिचा अर्थ ४/४. त्याच कमानीतून वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ गेलेली असेल तर तिचा अर्थ २/२, आणि हाच कट टाइम होय.

बँडमध्ये फिरणारे कागद पुष्कळदा झेरॉक्सची झेरॉक्स असतात. अशा प्रतींत स्टाफच्या आडव्या रेषा टिकतात, परंतु कमानीतली ती बारीक उभी रेघ फिकट होते किंवा पूर्णच नाहीशी होते. म्हणून मार्चच्या कागदावर नुसती कमान दिसली, तरी शेजाऱ्याचा पार्ट (त्याच्या वाद्याचा कागद) किंवा बँडमास्तरांकडची मूळ प्रत पाहून खात्री करून घ्यावी.

दुसरी पायरी : खालच्या आकड्याचे काम

टाइम सिग्नेचरमधला वरचा आकडा एका बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेषांमधल्या भागात, किती बीट (मात्रा) आहेत ते सांगतो आणि खालचा आकडा एक बीट कोणत्या नोटची आहे ते सांगतो. खाली ४ असेल तर क्वार्टर नोटची, ८ असेल तर एट्थ नोटची आणि २ असेल तर हाफ नोटची. म्हणजे २/२ चा अर्थ असा, की एका बारमध्ये दोन बीट आहेत आणि प्रत्येक बीट हाफ नोटची आहे.

ट्रिनिटीच्या पुस्तकांतून शिकणाऱ्यांना नोटांची ब्रिटिश नावे भेटतात, ती अशी जुळवून घ्यावीत : होल नोट म्हणजे सेमिब्रीव्ह, हाफ नोट म्हणजे मिनिम, क्वार्टर नोट म्हणजे क्रॉचेट आणि एट्थ नोट म्हणजे क्वेव्हर. या लेखात पहिल्या प्रकारची नावे वापरली आहेत.

हार्मोनियमकडून किंवा गाण्याकडून आलेल्यांना येथे एक फरक मुद्दाम समजून घ्यावा लागतो. भातखंडे पद्धतीच्या स्वरलेखनात मात्रा ही आधी ठरलेली असते. तालाच्या मात्रांप्रमाणे रकाने पडतात आणि एकाच मात्रेत दोन, तीन किंवा चार स्वर बसवायचे असतील तर त्यांच्याखाली अर्धचंद्राकृती कंस काढतात. लय विलंबित असो वा द्रुत, कागदावरचा रकाना एकाच मात्रेचा राहतो. स्टाफ नोटेशनमध्ये मात्र कोणतीही नोट जन्मतः एक मात्रेची नसते. क्वार्टर नोट ही हाफ नोटच्या निम्मी आणि एट्थ नोटच्या दुप्पट असते, एवढेच नाते कायमचे असते. त्यांपैकी मात्रेचा मान कोणाला द्यायचा, हे टाइम सिग्नेचर प्रत्येक वेळी नव्याने ठरवते. ही गोष्ट एकदा मनात उतरली की कट टाइमचे निम्मे काम झाले असे समजावे.

तिसरी पायरी : नव्या किमती अंगवळणी पाडणे

हाफ नोटला एक बीट दिल्यावर बाकीच्यांच्या किमती आपोआप ठरतात. होल नोट दोन बीटची होते आणि ती एकटीच पूर्ण बार व्यापते. क्वार्टर नोट अर्ध्या बीटची होते, म्हणून एका बीटमध्ये दोन क्वार्टर नोट बसतात. एट्थ नोट पाव बीटची होते, म्हणून एका बीटमध्ये चार बसतात. टिंबाने नोटची लांबी निम्म्याने वाढते, म्हणून टिंब दिलेली हाफ नोट दीड बीटची आणि टिंब दिलेली क्वार्टर नोट पाऊण बीटची होते. रेस्टच्या, म्हणजे विरामांच्या, किमतीही याच हिशेबाने चालतात.

येथे शिकणाऱ्याच्या मनात रास्त शंका येते. ४/४ च्या बारमध्ये चार क्वार्टर नोट मावतात आणि २/२ च्या बारमध्येही चारच मावतात, मग चिन्ह बदलून काय साधले? नोटांची बेरीज सारखीच असते हे खरे, पण त्यांतल्या कोणत्या नोटवर वजन द्यायचे ते बदलते. ४/४ मध्ये पहिल्या बीटवर मुख्य जोर, तिसरीवर त्याहून कमी, आणि दुसरी व चौथी हलकी असली तरी त्याही स्वतंत्र बीट म्हणून जाणवतात. २/२ मध्ये दोनच बीट असतात, पहिली जड आणि दुसरी हलकी. मधल्या क्वार्टर नोटा या बीटच्या पोटातल्या असतात, त्यांना स्वतःचा ठोका नसतो. बँडमास्तरांच्या हाताकडे पाहिले की हे स्पष्ट दिसते. ४/४ मध्ये त्यांचा हात खाली, आत, बाहेर आणि वर असा चार दिशांनी फिरतो, तर कट टाइममध्ये तो फक्त खाली आणि वर जातो.

तबल्याच्या साथीला बसलेल्यांना हा अनुभव नवा नाही. द्रुत तीनतालात सोळाही मात्रा कोणी हाताने मोजत बसत नाही. हात सम, पाचवी आणि तेरावी या टाळ्यांवर आणि नवव्या मात्रेच्या ‘खाली’वर ठेवलेला असतो आणि मधल्या मात्रा त्या खुणांच्या आधाराने आपोआप निघून जातात. कट टाइममध्ये हेच तत्त्व कागदावर लिहून दिलेले असते.

चौथी पायरी : पाय, हात आणि तोंड यांचा सराव

वाद्य हाती घेण्यापूर्वी हा सराव करावा, आणि शक्य असेल तर उभे राहून करावा. घड्याळाच्या सेकंदाच्या ठोक्याला एक पाऊल, अशा संथ गतीने जागच्या जागी डावे-उजवे करावे. प्रत्येक पाऊल म्हणजे एक हाफ नोट आणि डाव्या पावलावर बार सुरू होतो असे धरावे. पाऊल पडताना तोंडाने ‘एक’ आणि ‘दोन’ म्हणावे आणि दोन पावलांच्या बरोबर मध्ये ‘आणि’ म्हणावे : एक-आणि, दोन-आणि. आपल्याकडच्या बँडमध्ये शेजारी कन्नड बोलणारा वादक असतोच. त्याला ‘ओं-दु, एर-डु’ असे मोजणे अधिक सोयीचे वाटते, कारण त्या शब्दांचे दोन-दोन तुकडे थेट दोन क्वार्टर नोटांवर बसतात आणि वेगळा ‘आणि’ लागत नाही. दोघांनी आपापल्या भाषेत मोजले तरी पावले एकत्र पडली पाहिजेत, हीच कसोटी.

आता टाळ्यांनी चार बार वाजवून पाहावेत. पहिल्या बारमध्ये दोन हाफ नोट आहेत, म्हणून ‘एक’वर टाळी आणि ‘दोन’वर टाळी. दुसऱ्या बारमध्ये चार क्वार्टर नोट आहेत, म्हणून एक, आणि, दोन, आणि अशा चारही ठिकाणी टाळी, मात्र पावले दोनच. तिसऱ्या बारमध्ये टिंब दिलेली क्वार्टर नोट, एक एट्थ नोट आणि मग दोन क्वार्टर नोट आहेत. नवशिक्याची खरी परीक्षा येथे असते, म्हणून येथे थोडे थांबू. पहिली टाळी ‘एक’वर पडते. ‘आणि’ या शब्दाचे ‘आ’ आणि ‘णि’ असे दोन तुकडे समान वेळेत उच्चारले, तर ‘आ’ बीटच्या निम्म्यावर आणि ‘णि’ पाऊण वाटेवर येतो. एट्थ नोटची टाळी नेमकी त्या ‘णि’वर पडते, दुसऱ्या पावलाच्या अगदी अलीकडे, जणू त्या पावलाला पुढे ढकलणारी. त्यानंतर ‘दोन’वर एक टाळी आणि त्याच्या ‘आणि’वर शेवटची. चौथ्या बारमध्ये एक होल नोट आहे. ‘एक’वर टाळी देऊन दोन पावले संपेपर्यंत हात जुळलेले ठेवावेत.

हा तिसरा बार मार्चमध्ये इतक्या वेळा येतो, की तो बीटच्या पोटात व्यवस्थित बसला नाही तर सगळ्या धूनची ऐट जाते. बहुतेक जण ‘णि’वरची एट्थ नोट ‘आ’कडे ओढून लवकर वाजवतात, आणि मग ती ढिली पडते. ती उशिरा आणि आखूड असू द्यावी.

पाचवी पायरी : मेट्रोनोम आणि वेगाची खूण

कागदाच्या वरच्या बाजूला वेगाची खूण असते, जसे की एका नोटचे चित्र, बरोबरचे चिन्ह आणि १२० हा आकडा. आकड्याच्या आधी चित्राकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. चित्र हाफ नोटचे असेल तर मिनिटाला १२० हाफ नोट, आणि चित्र क्वार्टर नोटचे असेल तर मिनिटाला १२० क्वार्टर नोट, म्हणजेच ६० हाफ नोट. आकडा एकच असला तरी वेगात दुपटीचा फरक पडतो.

याच ठिकाणी सगळ्यांत सामान्य चूक होते. कागदावर हाफ नोट बरोबर १०० असे लिहिलेले असते. शिकणारा मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र) १०० वर लावतो, ते बरोबरच असते. मात्र ‘कट टाइम म्हणजे दुप्पट’ हे ऐकलेले असल्याने तो आकडा पुन्हा २०० करतो आणि हाफ नोटला एक ठोका देऊन वाजवू पाहतो. दुप्पट करण्याजोगे तेथे काही उरलेलेच नसते. मेट्रोनोमचा एक ठोका म्हणजे वेगाच्या खुणेत दाखवलेली एक नोट, एवढे लक्षात ठेवले की हा घोळ होत नाही. मोबाइलवरची काही मेट्रोनोम ॲप २/२ निवडले तरी क्वार्टर नोटचे ठोके देतात, म्हणून एका बारमध्ये दोन ठोके पडतात की चार, हे एकदा कानाने तपासून घ्यावे. म्यूझस्कोरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कागद उतरवून ऐकणाऱ्यांनीही हे जाणून असावे, की तेथे ४/४ चे चिन्ह काढून कट टाइमचे घातले तरी ऐकू येणारा वेग बदलत नाही. वेगाची खूण वेगळी द्यावी लागते.

अवघड जागा शिकताना सुरुवातीला चार मोजायला काहीच हरकत नाही. मेट्रोनोम १०० वर ठेवून क्वार्टर नोटला एक ठोका द्यावा, म्हणजे धून मूळच्या निम्म्या गतीने चालेल. बोटे बसली की मेट्रोनोम ६० वर आणून ठोका हाफ नोटला द्यावा आणि मग थोडा थोडा वेग वाढवत १०० पर्यंत जावे. चारवरून दोनवर येण्याचा हा टप्पा मात्र टाळू नये. जे शेवटपर्यंत चारच मोजत राहतात त्यांचे वाजवणे वेग वाढल्यावर ताठर होते, आणि दर बारला चार धक्के ऐकू येतात.

मार्च आणि कट टाइम यांचे नाते

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर असल्याने लष्करी बँड आणि संचलन आपल्याला अपरिचित नाहीत. चालणाऱ्या माणसाला दोनच पाय असतात, आणि म्हणून मार्च मुळातच दोनात मोजला जातो. तो लिहिताना २/४, ६/८ आणि कट टाइम या तिन्ही पद्धती वापरतात, पण तिन्हींत बारला दोनच पावले पडतात. लष्करी चालीची सर्वसाधारण गती मिनिटाला १२० पावलांच्या आसपास असते. तेव्हा कट टाइममधल्या मार्चवर हाफ नोट बरोबर १२० ही खूण दिसली, तर ती थेट पावलांची संख्या आहे असे समजावे.

कट टाइमचा सांगाडा समजून घ्यायचा असेल तर धून वाजवणाऱ्याचा कागद बाजूला ठेवून बेस ड्रमचा पार्ट पाहावा. तेथे बारमागून बार एकच गोष्ट दिसते : क्वार्टर नोट, क्वार्टर रेस्ट, क्वार्टर नोट, क्वार्टर रेस्ट. ट्यूबा किंवा युफोनियमचा खालचा स्वर बहुधा याच ठोक्यांवर असतो. हॉर्नचा पार्ट शेजारी ठेवला तर तो नेमका उलटा दिसतो, आधी रेस्ट आणि मग नोट. म्हणजे ‘एक’ आणि ‘दोन’ ढोलाकडे, आणि दोन्ही ‘आणि’ हॉर्नकडे. या दोन पार्टांमध्ये बीट आणि तिचा उत्तरार्ध इतका स्वच्छ वाटून दिलेला असतो, की नव्या वादकाने आठवडाभर बेस ड्रमच्या शेजारी उभे राहून फक्त पावले टाकली, तरी त्याला पुष्कळ काही शिकता येते.

कट टाइम वापरण्यामागे वाचनाची सोयही आहे. तीच धून २/४ मध्ये लिहिली तर प्रत्येक नोटची किंमत निम्मी करावी लागते. क्वार्टरच्या एट्थ होतात, एट्थच्या सिक्स्टीन्थ होतात, दुहेरी दांड्यांनी कागद काळा होतो आणि चालता चालता वाचणे कठीण जाते. हे स्वतः करून पाहावे. वर दिलेले चार बार वहीत २/४ मध्ये उतरवावेत आणि दोन्ही रूपे एकाच पावलांवर वाजवावीत. कानाला काडीचाही फरक जाणवणार नाही. किमतींचे नाते समजण्यासाठी याहून चांगला गृहपाठ मला माहीत नाही.

ट्रिप्लेटच्या, म्हणजे दोन नोटांच्या जागेत बसवलेल्या तीन समान नोटांच्या, बाबतीत तर कट टाइम शिकणाऱ्याला मदतच करतो. दोन क्वार्टर नोटांच्या जागेत तीन क्वार्टर नोट बसवायच्या असतील, तर ४/४ मध्ये त्या दोन बीटवर पसरतात आणि मधल्या बीटशी झगडतात. कट टाइममध्ये तीच जागा एका बीटची असल्याने एका पावलात तीन समान स्वर म्हटले की काम झाले. दादऱ्याच्या अंगाने तीन-तीन म्हणण्याची सवय असलेल्या भजनी मंडळींना हे चटकन जमते.

इटालियन नावाचा उगम

आल्ला ब्रेव्हे याचा अर्थ ‘ब्रेव्हच्या मापाने’. ब्रेव्ह ही एक जुनी नोट असून तिची लांबी आजच्या दोन होल नोटांइतकी असते. मग हाफ नोटला बीट देणाऱ्या चिन्हाच्या नावात ब्रेव्ह कशी आली, हे समजण्यासाठी सुमारे १२६० ते १६०० या काळातल्या युरोपीय स्वरलेखनाकडे जावे लागते.

त्या पद्धतीत पूर्ण वर्तुळाचा अर्थ ब्रेव्हचे तीन सेमिब्रीव्ह असा होता आणि उघड्या वर्तुळाचा अर्थ ब्रेव्हचे दोन सेमिब्रीव्ह असा होता. आजची ती कमान म्हणजे हेच उघडे वर्तुळ आहे. ती ‘कॉमन टाइम’मधल्या इंग्रजी ‘सी’वरून आली ही समजूत सार्वत्रिक असली तरी खरी नाही. गाणारे एका संथ, एकसारख्या ठोक्याने मोजत, आणि तो ठोका सामान्यतः सेमिब्रीव्हला दिला जाई. चिन्हातून उभी रेघ मारली की तोच ठोका सेमिब्रीव्हऐवजी ब्रेव्हला द्यायचा, म्हणजेच आता ब्रेव्हच्या मापाने मोजायचे, अशी सूचना मिळे. ठोका तोच राहून एका ठोक्यात दुप्पट नोटा बसत, आणि ‘दुप्पट’ हा शब्द आजवर टिकून आहे तो येथूनच. पुढच्या शतकांत संगीतकार अधिकाधिक लहान किमतीच्या नोटांत लिहू लागले, ठोका एकेक पायरी खाली उतरला आणि आज तो कट टाइममध्ये हाफ नोटवर येऊन थांबला आहे. रेघ आणि नाव मात्र जुनेच राहिले. चर्चच्या जुन्या भजनसंग्रहांत हाफ नोटला बीट देणारी ४/२ ही टाइम सिग्नेचरही भेटते. तीही याच घराण्यातली आहे.

या इतिहासावरून आणखी एक गोष्ट कळते. रेघ वेगाचा आकडा सांगत नाही, तर मापाचे एकक सांगते, आणि म्हणूनच कट टाइममधले संगीत संथही असू शकते. बेथोव्हेनच्या १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या आणि ‘मूनलाइट’ या नावाने लोकप्रिय असलेल्या पियानो सोनाटाचा पहिला भाग अतिशय शांत आहे. त्यावर अदाजो सोस्तेनुतो ही संथ गतीची सूचना आहे, आणि तरीही तो कट टाइममध्ये लिहिलेला आहे. प्रत्येक बारमध्ये एट्थ नोटांचे चार ट्रिप्लेट आहेत. ते चार वेगवेगळे ठोके मानून वाजवले तर संगीत अडखळते, आणि दोन-दोन ट्रिप्लेटांना एका दीर्घ बीटमध्ये गुंफले तर ते वाहते. कीबोर्ड शिकणाऱ्यांनी हा भाग ऐकताना बारला दोनच वेळा हलकेच बोट टेकवून पाहावे.

धून सुरू असताना चिन्ह बदलले तर

काही रचनांत मध्येच ४/४ जाऊन कट टाइम येतो. त्या वेळी बदलाच्या जागी, स्टाफच्या वर पाहावे. तेथे क्वार्टर नोट, बरोबरचे चिन्ह आणि हाफ नोट असे लिहिलेले असेल, तर आधीची क्वार्टर नोट ज्या गतीने चालली होती त्याच गतीने आता हाफ नोट चालते. पाऊल बदलत नाही, नोटा मात्र दुप्पट वेगाने येतात. ‘दोप्प्यो मोव्हिमेंतो’ ही इटालियन सूचना असेल तर तिचाही अर्थ वेग दुप्पट करणे असाच आहे. काहीच लिहिलेले नसेल, तर क्वार्टर नोट आधीच्याच गतीची ठेवून फक्त पावले निम्मी करणे हा आजचा सामान्य प्रघात आहे. तरीही तालमीआधी बँडमास्तरांना विचारून कागदावर पेन्सिलने खूण करून ठेवणे चांगले, कारण या एका जागी दोघांनी दोन अर्थ घेतले की पुढचा सगळा भाग कोसळतो.

शेवटी बारच्या विरामांविषयी. ट्रम्पेटच्या कागदावर पुष्कळदा आडव्या जाड पट्टीवर ८ असा आकडा असतो, म्हणजे आठ बार गप्प राहायचे. चार मोजण्याची सवय असलेला वादक येथे बत्तीस ठोके मोजू लागतो आणि मध्येच चुकतो. कट टाइममध्ये बारचा क्रमांकच पहिल्या बीटचा शब्द करावा : एक-दोन, दोन-दोन, तीन-दोन, चार-दोन, असे आठ-दोनपर्यंत. डाव्या पावलावर बारचा क्रमांक आणि उजव्या पावलावर ‘दोन’. ‘सात-दोन’ म्हणताना वाद्य ओठांपाशी आणावे, ‘आठ’वर श्वास भरून घ्यावा आणि ‘आठ-दोन’ संपताच पुढच्या डाव्या पावलावर पहिला स्वर वाजवावा.